जावईबापूंचे आठ

माझे सासरे मला मान देतात, हे माझं दुःख आहे. ऐकणाऱ्याला हे नाटक वाटतं. माझ्या ऑफिसात एकजण आहे. त्याचे सासरे त्याला चारचौघांत 'अकलेचा खंदक' म्हणतात. मी माझं दुःख सांगितलं तेव्हा तो मला मारायलाच उठला. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली, मला टक्कल पडून तेही आता जुनं झालं, तरी नाना मला 'जावईबापू' म्हणतात आणि मी खोलीत शिरलो की उठून उभे राहतात. ते उभे राहिल्यावर मला बसवत नाही. मग आम्ही दोघंही उभे. बायको म्हणते, घरात सारखं राष्ट्रगीत चालू असल्यासारखं वाटतं.

सासूबाई गेल्यावर आम्ही नानांना आमच्याकडे आणलं. सोबत दोन बॅगा आल्या आणि ती गाडी आली. उघड्या टपाची, दोनच माणसांची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, माझ्यापेक्षा वयानं मोठी स्पोर्ट्स कार. तरुणपणी नाना ती घेऊन घाटचढणीच्या शर्यतीत उतरायचे. आता डोळ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांना स्टिअरिंगला हात लावायची बंदी केली आहे, आणि नाना डॉक्टरांनाही मान देतात.

घरात ते राहायचे ते लॉजमध्ये उतरलेल्या सज्जन पाहुण्यासारखे. आपला कप आपण धुऊन पालथा घालायचे. चादरीची घडी अशी की दुकानात परत करता यावी. "जावईबापू, तुमची हरकत नसेल तर खिडकी उघडू का?" असं विचारायचे, आणि मी "अहो उघडा ना" म्हटलं की "आभारी आहे" म्हणायचे. एका सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होतेय. महिनाअखेरीस तिकडे जावं म्हणतो. गाडी एका संग्राहकाला देऊन टाकू. लेकीच्या घरी माणसानं किती दिवस राहायचं? तुम्ही सगळं उत्तम केलंत. माझी काही तक्रार नाही."

तक्रार नाही, हीच तर माझी तक्रार होती.

बायको ओट्याकडे तोंड करून रडली. मी धीर करून नानांना म्हटलं, "नाना, राहा ना इथेच." ते म्हणाले, "हा तुमचा मोठेपणा." आता यापुढे माणूस काय बोलणार? मराठीत 'हा तुमचा मोठेपणा' म्हणजे दार लावून आतून कडी घातल्यासारखं आहे. मला ते घरात हवे होते. त्यांच्या खोकल्याचा आवाज हवा होता, सकाळी पेपरवर त्यांनी आधी हात मारलेला हवा होता. मला वडील फार लवकर सोडून गेले, त्यामुळे ओरडा खायचा माझा बराच कोटा शिल्लक आहे. पण हे तोंडावर सांगायची छाती नव्हती. म्हणून मी गाडीचा आधार घेतला.

निमित्त आयतंच मिळालं. रविवारी मी नानांना शेजारी बसवून गाडी बाहेर काढत होतो. आमच्या इमारतीच्या फाटकाशी चढाचं वळण आहे. तिथे कडेच्या ओल्या पाचोळ्यावर मागचं एक चाक गेलं, आणि गाडी थांबली. ते चाक जागच्या जागी गरागरा फिरतंय, धूर काढतंय, आणि पलीकडचं चाक कोरड्या डांबरावर ढिम्म उभं. मी ऍक्सिलेटर आणखी दाबला. धूर आणखी आला. गॅलऱ्यांमधून माणसं आली. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी मागून धक्का दिला, तोही एका हातानं, कारण दुसऱ्या हातात फोन होता.

"डिफरन्शियलचा स्वभावच तो," नाना पुढे बघत हळूच म्हणाले. "तुमचा काही दोष नाही, जावईबापू."

दोष शंभर टक्के माझा होता. पण त्यांच्या आवाजात काहीतरी हललं, ते मला ऐकू आलं. मी लगेच विचारलं, "म्हणजे काय हो, नाना?" आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते भरभरून बोलले. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना एकाच दांड्यावर आपापल्या वेगानं फिरू देणारं खोकं म्हणजे डिफरन्शियल. पण ते खोकं फार भिडस्त. एक चाक घसरायला लागलं की सगळी ताकद त्यालाच देऊन मोकळं होतं, आणि ज्या चाकाखाली चांगली जमीन आहे ते उपाशी राहतं. त्यावर उपाय म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. घसरण्याला मर्यादा घालणारं.

मी व्यवसायानं मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका शोधून पोट भरतो. 'लिमिटेड स्लिप' ऐकून माझ्या डोक्यात आलं, इंग्रजीत स्लिप म्हणजे चूकही, म्हणजे मर्यादित चुका! अशी सोय लेखकांना बसवता आली तर किती बरं. हा विनोद मी नानांना ऐकवला. ते म्हणाले, "वा, फारच मार्मिक." पहिल्या मजल्यावरच्या बाई तेवढ्या हसल्या.

मी जाहीर केलं की गाडीला असं डिफरन्शियल बसवायचं, आणि कोणतं बसवायचं ते नानांनी ठरवायचं. माझा हिशोब असा, की निवड लांबवायची. ती लांबेल तसं नानांचं जाणं लांबेल. पण या हिशोबात एक चूक होती, आणि ती चुका शोधणाऱ्यालाच दिसली नाही. जावयापुढे नाना कुठलंच मत देत नसत.

मी रात्रंदिवस वाचत बसलो. दोन जाती आहेत, एवढं कळलं. एक गिअरवाली. आत मळसूत्री दातांचे गिअर, शांत, झिजत नाही, काही बघावं लागत नाही. दुसरी प्लेटवाली. आत चकत्यांची चळत असते, त्या एकमेकींवर दाबून दोन्ही चाकांना धरून ठेवतात. ती कुरकुरते, झिजते, तिला वेगळं तेल लागतं, आणि अधूनमधून कुणीतरी जाणकारानं लक्ष द्यावं लागतं.

"नाना, गिअरवालं घ्यावं का?"

"उत्तम निवड आहे."

"की प्लेटवालं?"

"तेही उत्तम."

"पण दोन्ही कसं उत्तम असेल?"

"तुम्ही म्हणाल तसं, जावईबापू. तुमचं वाचन आहे."

वाचन! ऍक्सल आणि क्लच यांतला फरक मला मागच्या आठवड्यात कळला होता.

मग मी आमच्या मेकॅनिककडे गेलो. त्याला मी मनातल्या मनात 'होयबा' म्हणतो, कारण शेवटी जो बोलला त्याचं त्याला पटतं. गिअरवालं म्हटलं की "एकदम बरोबर, साहेब." प्लेटवालं म्हटलं की "मी तेच म्हणणार होतो." मी वैतागून म्हटलं, "मग वेल्डिंग मारून दोन्ही चाकं कायमची एकत्र जोडून टाकू!" तो म्हणाला, "सगळ्यात बेस्ट. कधी आणता गाडी?"

त्यावरून मला एक कल्पना सुचली, आणि मी तिच्यावर बेहद्द खूश झालो. चुकीचं काहीतरी बोलायचं, म्हणजे नाना उसळतील. जेवताना मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "नाना, मी विचार केला. वेल्डिंगच मारू या."

नानांचा घास हातातच राहिला. चेहरा पांढरा पडला. गळ्याशी काहीतरी आलं, ते त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकललं आणि म्हणाले, "छान." मग अर्ध्या ताटावरून उठले.

"त्यांनी रक्तदाबाची गोळीसुद्धा घेतली नाही," बायको मला नंतर म्हणाली. "काय छळ मांडलायस तू त्यांचा?"

"मला त्यांनी शिव्या द्यायला हव्यात."

"मी देऊ?"

तिनं दिल्या. पण तिच्या शिव्यांना इतक्या वर्षांत घरचं वळण लागलेलं होतं, त्यात नवं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तळमजल्यावर गॅरेजपाशी गेलो तर आतून बोलण्याचा आवाज. नाना गाडीच्या मागच्या चाकाशी स्टूल टाकून बसले होते आणि तिच्या अंगावरून फडकं फिरवत तिच्याशी बोलत होते.

"घाबरू नकोस. तो वेल्डिंग मारणार नाही, नुसता बोलतो. पण गिअरवालं बसवेल हं तो तुला, शांत असतं म्हणून. आणि तू हलकी. वळणावर आतलं चाक उचलतेस. चाक हवेत गेलं की गिअरवाल्याचा उपयोग काय? त्याला काहीतरी धरायला लागतं ना! प्लेटच पाहिजे तुला. पण कोण सांगणार त्याला?"

मी दाराआड उभा होतो आणि, सांगायला लाज वाटते, मला त्या गाडीचा हेवा वाटला. तिला ते 'तू' म्हणत होते.

रात्री जेवताना मी ताटातली कोशिंबीर विचारमग्न होऊन ढवळली. "नाना, खूप अभ्यास केला. आपली गाडी हलकी आहे, वळणावर आतलं चाक उचलते. गिअरवाल्याला तिथे धरायला काही मिळणार नाही. प्लेटवालंच हवं."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कुणी आपल्या हरवलेल्या छत्रीकडे दुसऱ्याच्या हातात असताना पाहावं. मग त्यांचा चेहरा उजळला. "जावईबापू, तुमचा अभ्यास दांडगा आहे." मी नम्रपणे मान खाली घातली. बायकोला ठसका लागला.

खरं सांगायचं तर प्लेटवालं मला आणखी एका कारणासाठी हवं होतं. ते कुरकुर करणारं होतं, त्याची मर्जी राखावी लागणार होती, आणि ती कशी राखायची ते घरात एकालाच माहीत होतं. गिअरवालं बसवलं असतं तर नाना निर्धास्तपणे बॅग भरून गेले असते.

डिफरन्शियल आलं. होयबानं ते बसवलं तेव्हा नाना शेजारी खुर्चीवर बसून होते. "अरे, तो नट आधी नाही, तो नंतर! अरे बाबा, डोळे कुठे आहेत तुझे?" होयबा "बरोबर, नाना, तेच करत होतो" म्हणत होता. मी पाना पुढे करायला गेलो तर नाना चटकन उठून उभे राहिले. "छे छे, जावईबापू, तुम्ही कशाला हात काळे करता?" ज्या मेकॅनिकला ते महिन्याभरापूर्वी ओळखत नव्हते तो 'अरे' झाला होता. मी हात मागे बांधून उभा राहिलो.

महिनाअखेर तोंडावर आली होती. नानांच्या खोलीत एक बॅग कपाटाखालून बाहेर आलेली मी पाहिली.

"आता नव्या प्लेटा एकमेकींवर बसायला हव्यात," नाना म्हणाले. "त्यांना वळण लावावं लागतं. मोकळ्या मैदानात सावकाश आठ काढायचे. बरेच काढावे लागतील. तुम्हाला वेळ असेल तरच."

वेळ! मी त्या दिवशी रजा टाकली.

प्रदर्शनाच्या हॉलमागे गाड्या लावायचं मोठं मैदान आहे, प्रदर्शन नसलं की ते रिकामं असतं. नाना शेजारी बसले, मांडीवर टोपी ठेवून. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि आठ काढायला घेतला.

आता इथे माझा धंदा आडवा आला. आयुष्यभर देवनागरी छापील मजकूर वाचणाऱ्या माणसाला 'आठ' म्हटलं की डोळ्यांसमोर एकच आकडा येतो. डोक्यावर छोटी आडवी रेघ, मग डावीकडे पोट काढत खाली यायचं, आणि शेवटी उजवीकडे किंचित शेपूट. मी ती रेघ काढली, पोट काढलं, शेपूट काढलं, थांबलो. मग गाडी मागच्या मागे त्याच वाटेनं रिव्हर्स घेत परत डोक्यापाशी आणली आणि दुसरा आठ सुरू केला. मागून नव्या प्लेटा दातओठ खाल्ल्यासारख्या करकरत होत्या.

नानांनी एकदा मागे वळून चाकांकडे पाहिलं.

तिसऱ्या आठाला मी विचारलं, "शेपूट किती लांब ठेवू, नाना?"

"कशाचं शेपूट, जावईबापू?"

"आठाचं."

नानांनी टोपी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवली. "तुम्हाला योग्य वाटेल तितकं," ते म्हणाले.

मी काढत राहिलो. चांगलं अक्षर हा माझा अभिमानाचा विषय आहे, त्यामुळे प्रत्येक आठ आधीच्यापेक्षा सुबक व्हावा म्हणून मी जीव ओतत होतो. मैदानाच्या कडेला एक ड्रायव्हिंग स्कूलची गाडी येऊन थांबली. तिच्यातल्या शिक्षकानं शिकणाऱ्या मुलीला काच खाली करायला लावली आणि माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी समजावलं. मुलीनं मान डोलावली. मी ऐटीत हात केला.

नानांचा श्वास मोठा व्हायला लागला. कान लाल झाले. एका रिव्हर्सच्या वेळी ते "अं..." म्हणाले आणि थांबले. मला वाटलं, गाडी लागली असेल. मी म्हटलं, "घाबरू नका, नाना, आता हात बसलाय. यापुढचा आठ मी जरा वळणदार काढतो."

"अरे गाढवा!"

मी ब्रेक दाबला.

"अरे, मराठी आठ काय काढतोयस, बैला! इंग्रजी आठ! इंग्रजी! दोन गोल! एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे! मघापासून नुसता डावीकडे वळतोय आणि बैलगाडीसारखा मागे येतोय! प्लेटांना दोन्हीकडचं वळण नको लागायला? अक्कल काय छापखान्यात ठेवून आलास?"

टोपी पायाशी पडली होती. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"बघतोस काय माझ्या तोंडाकडे? घे पुढे! आता डावीकडे. पूर्ण गोल. पूर्ण! हां, आता मधून काप, आणि उजवीकडे. अरे, ऍक्सिलेटर सोड! सोड म्हणतो ना! पायात काय दगड बांधलाय?"

पुढचा बराच वेळ ते ओरडत होते आणि मी गोल फिरत होतो. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ते मला गाढव, बैल, ठोंब्या म्हणाले, आणि एकदा, माझी खात्री आहे, त्यांनी शिवी म्हणून सासूबाईंच्या भावाचं नाव वापरलं. मागची करकर हळूहळू मवाळ झाली आणि मग थांबली. नानांनी कान देऊन ऐकलं. "बसल्या," ते म्हणाले. "बंद कर."

मी इंजिन बंद केलं. मैदानात एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत नाना स्वतःला ऐकू आले असावेत. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी वाकून टोपी उचलली, झटकली, नीट डोक्यावर घातली.

"जावईबापू," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला क्षमा करा. या वयात माझा तोल गेला. तुमच्या घरात राहून तुम्हालाच..."

"नाना, अहो, उलट मला..."

"नाही. हे शोभणारं नाही." त्यांनी मान बाहेर वळवली. परतीच्या वाटेवर मी दोनदा मुद्दाम चुकीचा गिअर टाकला. त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर ते सरळ खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आतून बॅगेच्या चेनचा आवाज आला.

"काय केलंस तू?" बायकोनं विचारलं.

"आठ," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग बॅगेचा आवाज ऐकून हसायची थांबली. आपल्या मूर्खपणावर मी आजवर बरेच विनोद केले आहेत, त्या वेळी एकही सुचला नाही. जो माणूस मान देत होता म्हणून जात होता, तो आता मान दिला नाही म्हणून लवकर जाणार होता. यापेक्षा मी गप्प राहून त्यांच्या खिडक्या उघडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आतून फोन लावल्याचा आवाज आला. फोनवर नानांना नीट ऐकू येत नाही, म्हणून ते मोठ्यानं बोलतात. आम्ही दोघं पॅसेजमध्ये चोरासारखे उभे राहिलो.

"हो, मीच बोलतोय. त्या खोलीबद्दल... हो, हो, बॅग काढली होती. परत ठेवली... नको. दुसऱ्या कुणाला तरी द्या... छे हो, तब्येत ठणठणीत आहे." मग थोडा वेळ ते ऐकत होते. "कारण काय सांगू? अहो, घरात एक गाढव आहे... नाही, नाही, पाळलेलं नाही. जावई आहे... माणूस सोन्यासारखा आहे हो, पण अजिबात काही येत नाही त्याला. साधा आठ काढता येत नाही. त्याच्या भरवशावर गाडी आणि पोरगी टाकून मी येऊ कसा?"

बायकोनं माझा दंड इतक्या जोरात धरला की नखं रुतली. मी भिंतीला टेकलो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही सुचत नव्हतं.

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग आतून खणखणीत हाक आली.

"कोण उभं आहे रे तिकडे? कामधंदा नसेल तर चहा टाक!"

मी चहा टाकायला धावलो.